हैदराबादच्या नावाचं स्क्वाड्रन, केनेथ डोरन आणि न फुटलेले बॉम्ब

रेवती_परतूर

नमस्कार मंडळी. युद्धइतिहासातले जाणकार इथं आहेत म्हणून विचारतेय.

१७ सप्टेंबरला आमच्या शाळेत मुक्तिसंग्रामाचं प्रदर्शन भरतं. सत्याग्रह, रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन हे फलक दरवर्षी असतातच. यंदा निजामाचा आणि बाहेरच्या जगाचा संबंध दाखवणारा एक फलक करायचा असं मी ठरवलं. महायुद्धात निजामानं इंग्रजांना काय काय दिलं ते शोधताना ब्रिटिश हवाई दलाच्या, म्हणजे आरएएफच्या, तीन स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकड्यांची) नावं हाती लागली: ११० (हैदराबाद), १५२ (हैदराबाद) आणि २५३ (हैदराबाद स्टेट). आठवीच्या मुलांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. आपलं परतूर ज्या राज्यात होतं त्या राज्याचं नाव इंग्रजांच्या बॉम्बर स्क्वाड्रनला!

पुढे वाचत गेले तर आणखी कळलं. युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, आरएएफनं विल्हेल्म्सहाफेनजवळच्या जर्मन युद्धनौकांवर पहिला बॉम्बहल्ला केला. त्यात सगळ्यात पुढे ११० हैदराबाद स्क्वाड्रनची ब्लेनहाइम विमानं होती आणि त्यांचा म्होरक्या होता फ्लाइट लेफ्टनंट केनेथ डोरन. त्याबद्दल त्याला डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं, दुसऱ्या महायुद्धातलं अगदी पहिल्यापैकी एक.

आता माझी अडचण. त्याच हल्ल्याच्या वर्णनात असंही आहे की अ‍ॅडमिरल शेर या जहाजावर पडलेले बॉम्ब फुटलेच नाहीत, आणि विमानं मात्र बरीच पडली. मग पदक नेमकं कशाचं? आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांचं म्हणणं पडलं की लोकांना दाखवायला एक वीर हवा होता म्हणून दिलं असेल. मुलांसमोर मला असं काही अर्धवट लिहायचं नाही. तो माणूस खरंच पदकाच्या लायकीचा होता का, बॉम्ब का फुटले नाहीत आणि पुढं त्याचं काय झालं, हे कुणी नीट सांगेल का?

आणि मनात सलणारी गोष्ट म्हणजे पैसा. आमच्या आजोबांनी हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, सारा भरलेला. विमानं निजामाची म्हणायची की आपल्या रयतेची?

---

उदगीरचा_फिटर

रेवतीताई, मी भारतीय हवाई दलात आर्मामेंट फिटर होतो. बॉम्ब, रॉकेट, तोफेचा दारूगोळा, इजेक्शन सीटची काडतुसं, याच कामात उमेदीची वर्षं गेली. शेवटची पोस्टिंग बिदरला, म्हणजे घराजवळच. (आमचं उदगीर ५६ सालापर्यंत बिदर जिल्ह्यातच होतं, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.) म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पायलटपासून नाही, बॉम्बपासून देतो. या गोष्टीत खरी गाठ तिथंच आहे.

आधी त्या दोन दिवसांचा क्रम समजून घ्या. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं आणि थोड्याच वेळात १३९ स्क्वाड्रनचा फ्लाइंग ऑफिसर अँड्र्यू मॅकफर्सन एकट्या ब्लेनहाइममधून जर्मन आरमार शोधायला गेला. २४,००० फुटांवर त्याचा वायरलेस थंडीनं गोठला, त्यामुळं दिसलेलं कळवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत गेला. या वेळी ढग इतके खाली होते की शे-दोनशे-तीनशे फुटांवरून उडावं लागलं. जहाजं दिसली, पण वायरलेसवर पाठवलेला संदेश तुटक पोचला. तो स्वतः येऊन उतरला तेव्हा कुठं हल्ल्याचा निर्णय झाला. म्हणजे दुपार टळलेली.

आता तळावरचं बघा. युद्धाला एक दिवस झाला होता आणि तेवढ्यात विमानांवरचे बॉम्ब चार वेळा बदलले होते. हे डोरननं स्वतःच नंतर सांगितलेलं आहे. वाचायला ही एक ओळ आहे, पण मी ते काम केलंय. ५०० पौंडी बॉम्ब ट्रॉलीवरून विमानाखाली आणायचा. विंचनं इंच इंच वर घ्यायचा. वरच्या हुकात तो बसल्याचा खटका कानानं ऐकायचा, कारण डोळ्यानं नीट दिसत नाही. मग दोन्ही बाजूचे टेकू आवळायचे, ते सारखे आवळले नाहीत तर बॉम्ब हवेत डुलतो. फ्यूझची तार लावायची, पिनी मोजायच्या. एवढं करून हात पुसतो न पुसतो तोच हुकूम, उतरवा, दुसरे लावा. हे चार वेळा. त्या दिवशी वॉटिशॅमच्या तळावर ज्या पोरांनी हे केलं त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत, म्हणून मी इथं त्यांची आठवण काढतो.

शेवटचा बदल फार महत्त्वाचा. विमानांवर आधी लावलेले बॉम्ब सेमी आर्मर पिअर्सिंग जातीचे होते, जाड कवचाचे, पोलादात घुसून मग फुटणारे. पण विल्हेल्म्सहाफेनसमोरच्या हेल्गोलँडच्या उपसागरावर ढग अगदी खाली टेकलेले. उंचीवरून बॉम्ब टाकणं अशक्य, जहाजाच्या डोक्यावरूनच जावं लागणार. म्हणून ते उतरवून ५०० पौंडी जनरल पर्पज बॉम्ब लावले, ११ सेकंद उशिरा फुटणाऱ्या फ्यूझचे. उशीर का, तर बॉम्ब लगेच फुटला तर त्याचा स्फोट टाकणाऱ्यालाच खाईल. ११ सेकंदात तो निघून जातो आणि मागचेही आपापले बॉम्ब टाकून पार होतात.

हिशोब बरोबर होता. फक्त लक्ष्य चुकीचं होतं. जनरल पर्पज बॉम्बचं कवच पातळ, तो इमारतींसाठी आणि धावपट्ट्यांसाठी केलेला. असा बॉम्ब कमी उंचीवरून, जवळजवळ आडवा, युद्धनौकेच्या पोलादी डेकवर पडला तर त्यात घुसत नाही. पाण्यावर चपटा दगड मारला की उड्या घेत जातो तसा सरकतो आणि पलीकडं समुद्रात पडतो. ११ सेकंद तिथं पडून राहायला पाहिजे ना! शिवाय कमी उंचीवर आणखी एक धोका असतो. बॉम्ब सुटल्यावर वाऱ्यानं त्याची छोटी पंखी फिरते आणि ठरलेल्या फेऱ्या झाल्यावर बॉम्ब सज्ज होतो. पडायला वेळच मिळाला नाही तर तो सज्ज न होताच आदळतो, म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. अ‍ॅडमिरल शेरवर किमान तीन बॉम्ब बसले आणि एकही फुटला नाही. नेमका कुठला बॉम्ब यातल्या कुठल्या कारणानं फुटला नाही, याचा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. मूळ गोष्ट एवढीच की त्या हवेत, त्या उंचीवरून, चिलखती जहाज बुडवेल असं हत्यारच त्या दिवशी त्यांच्याकडं नव्हतं.

आता पदकाचं.

त्या दिवशी १५ ब्लेनहाइम गेली, ११०, १०७ आणि १३९ या तीन स्क्वाड्रनची पाच-पाच. बॉम्ब ब्लेनहाइममध्ये दोनच मावायचे आणि माणसं तीन: पायलट, निरीक्षक आणि वायरलेस सांभाळणारा गनर. वेलिंग्टन जातीची १४ मोठी विमानं वेगळीकडं, जर्मनीतल्याच ब्रुन्सब्युटेलला गेली. उत्तर समुद्रावर ढग शंभर फुटांवर. शंभर फूट म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही ताशी ३०० किलोमीटरच्या वर जायलेत, खाली पाणी राखाडी, वर ढग राखाडी, मधली फट दहा मजली इमारतीएवढी. त्यात रडार नाही, किनारा दिसत नाही. घड्याळ, होकायंत्र आणि मांडीवर नकाशा घेतलेला निरीक्षक, एवढ्यावर सगळं. १३९ स्क्वाड्रनला जहाजं सापडलीच नाहीत, पाचही विमानं बॉम्बसकट परत आली. वेलिंग्टनपैकी एकानं तर चुकून डेन्मार्कच्या एसबियर्ग गावावर बॉम्ब टाकले, लक्ष्यापासून शंभर मैलांच्या पलीकडं, आणि तेही तटस्थ देशात!

या अशा दिवशी डोरननं आपली पाच विमानं नेमकी शिलिग रोड्सवर, म्हणजे विल्हेल्म्सहाफेनजवळच्या जहाजं नांगरायच्या जागेवर, काढली. तिथं ढग थोडा वर, पाचशे फुटांच्या आसपास होता, आणि समोर नांगरलेली अ‍ॅडमिरल शेर. डेकवर खलाशांचे धुतलेले कपडे वाळत घातलेले. माणसं कठड्याला रेलून उभी. डोरन जहाजाच्या लांबीच्या रेषेत शिरला आणि डोलकाठीच्या उंचीवरून बॉम्ब टाकून गेला.

पदक याचं आहे. जहाजापर्यंत पोचणं त्याच्या हातात होतं, तिथं तो पोचला. समोरून तोफा सुरू होतील हे माहीत असताना सरळ रेषा न सोडणं त्याच्या हातात होतं, ती त्यानं सोडली नाही. बॉम्ब फुटणं मात्र त्याच्या हातात नव्हतं. तो हिशोब हवाई मंत्रालयाचा आणि बॉम्ब बनवणाऱ्यांचा. आम्ही जमिनीवरची माणसं हा फरक फार जपतो, कारण कधी पायलटचं अपयश आमच्या माथी मारलं जातं, कधी आमचं त्याच्या. डोरनला डीएफसी मिळालं ते योग्यच होतं असं माझं पक्कं मत आहे.

तुमच्या स्टाफरूममधल्या सरांचं म्हणणंही निव्वळ खोटं नाही. सरकारला वीर हवाच होता. १० ऑक्टोबरला डोरन आणि मॅकफर्सन या दोघांची डीएफसी एकत्र जाहीर झाली आणि २ नोव्हेंबरला राजा सहावा जॉर्ज वायटनच्या तळावर स्वतः येऊन ती देऊन गेला. पण सरकारला गरज होती म्हणून त्या माणसांचं काम खोटं ठरत नाही.

---

गोदाकाठचा_मास्तर (नांदेड)

फिटरसाहेबांनी बॉम्बचं इतकं स्वच्छ सांगितलं की मला त्यात भर घालता येणार नाही. मी इतिहास शिकवला, त्यामुळे हैदराबादच्या नावाबद्दल लिहितो.

११० स्क्वाड्रनला हे नाव दुसऱ्या युद्धात पडलेलं नाही, पहिल्या युद्धातलं आहे. १९१८ मध्ये हे स्क्वाड्रन डीएच९ए ही नवी बॉम्बर विमानं घेऊन फ्रान्सला गेलं. त्या विमानांचा खर्च मीर उस्मान अली खान, सातवे निजाम, यांनी दिला होता आणि प्रत्येक विमानावर ही निजामाची देणगी आहे असं रंगवलेलं असे. हे स्क्वाड्रन जनरल ट्रेंचर्डच्या स्वतंत्र बॉम्बर दलात होतं, काम जर्मनीतली शहरं आणि कारखाने गाठण्याचं. नुकसान भयंकर झालं, लढाईतच १७ विमानं गेली. त्यातलं एक, एफ१०१० क्रमांकाचं, ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागलं. त्यांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत ते पोलंडमध्ये पोचलं, आणि १९७७ मध्ये इंग्रजांनी एक स्पिटफायर लढाऊ विमान देऊन त्याच्या बदल्यात ते परत घेतलं. आज ते लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ संग्रहालयात उभं आहे. रेवतीताई, फलकावर एकच चित्र लावणार असाल तर त्या विमानाचं लावा. आपल्या पोरांना पाहता येईल अशी ती एकमेव वस्तू आहे, बाकी सगळं कागदावर.

स्क्वाड्रनच्या बिल्ल्यावर मुकुटातून वर येणारा वाघ आहे, तोही निजामाच्या मानचिन्हाची आठवण म्हणून. १५२ स्क्वाड्रनच्या बिल्ल्यावर तर निजामाची दस्तार, म्हणजे पगडीच आहे आणि खाली बोधवाक्य 'फेथफुल अ‍ॅलाय', म्हणजे विश्वासू दोस्त. पहिल्या युद्धातल्या मदतीबद्दल इंग्रजांनी निजामाला दिलेली हीच पदवी होती. १५२ आणि २५३ ही दोन्ही स्क्वाड्रन १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत लढली, एक स्पिटफायरवर, दुसरं हरिकेनवर.

आता पैशाचा प्रश्न, आणि तो तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला. निजामाच्या राज्यात जमिनीचे तीन मोठे वाटे होते. दिवाणी म्हणजे सरकारी महसुलाचा मुलूख, सर्फेखास म्हणजे निजामाची खाजगी मिळकत, आणि जहागिरी. तुमच्या-माझ्या मराठवाड्यात तिन्ही प्रकारची गावं होती. उस्मानाबादकडे सर्फेखासची गावं भरपूर, आणि खुद्द त्या जिल्ह्याला (आताचा धाराशिव) नावही याच निजामाचं होतं. तेव्हा विमान 'हिज हायनेस'च्या नावावर रंगवलेलं असलं तरी त्याचा पैसा ज्वारी-कपाशी पिकवणाऱ्या माणसाच्या साऱ्यातूनच उभा राहिला होता. दुसरीकडून तो येणार कुठून? राज्य शेतीवर चाललेलं होतं. तुमच्या आजोबांचा अमुक रुपया अमुक विमानात गेला असं कुणी दाखवू शकत नाही, पण रयतेला विचारून ती देणगी दिलेली नव्हती हे नक्की. तिथं विधिमंडळाला विचारायची पद्धतच नव्हती.

आणि काळाची सांगड बघा. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात पोरांनी वंदे मातरम् म्हणण्यावरून संप केला आणि तो हैदराबादला उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरला. शेकडो पोरांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना जागा दिली. हे होऊन वर्ष उलटायच्या आत हैदराबादचं नाव लावलेली विमानं जर्मनीवर गेली. वसतिगृहात गाणं म्हणायला बंदी असलेल्या राज्याचं नाव हिटलरविरुद्धच्या पहिल्या हल्ल्यावर आहे. फलकावर या दोन तारखा शेजारी शेजारी लावा, मुलं स्वतःच प्रश्न विचारतील.

---

लातूर_७७

सगळ्यांचं वाचायलो, माहिती लई भारी हाय. पण मनापासून विचारतो, राग मानू नका. मुक्तिसंग्रामाच्या दिवशी एका इंग्रज बॉम्बर पायलटचं कौतुक कशाला? आपल्याकडं गावोगाव रझाकाराशी लढलेली माणसं आहेत, त्यांच्या नावाला फलक पुरत नाहीत. डोरनला पदक त्याच्या राजानं दिलं, त्याचं त्याला लखलाभ. आपण निजामाच्या पैशाबद्दल लिहावं, पायलटबद्दल नको. शिवाय बॉम्बर म्हणलं की मला पुढची जळलेली शहरंच दिसतात.

---

उदगीरचा_फिटर

लातूरच्या दादा, राग कशाचा? प्रश्न सरळ आहे, उत्तर पण सरळ देतो.

जळलेल्या शहरांचं आधी. ४ सप्टेंबर १९३९ चा हल्ला तसला नव्हता. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं दोन्ही बाजूंना आवाहन केलं होतं की नागरी वस्तीवर बॉम्ब टाकू नका, आणि ब्रिटिशांनी ते मानलं होतं. वैमानिकांना सक्त हुकूम होता की फक्त युद्धनौका, किनाऱ्यावर कुणालाही इजा होता कामा नये. पुढे युद्ध कुठल्या थराला गेलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण डोरनच्या त्या फेरीवर पुढचं पाप टाकणं हा अन्याय होईल.

दुसरं, मला फलक एकट्या डोरनचा नकोच आहे. पहिला गेला त्याला जहाज झोपेत सापडलं. मागून आलेल्यांना नाही. ११० च्या पाचापैकी एक विमान पडलं. १०७ स्क्वाड्रन नंतर पोचलं तोवर प्रत्येक तोफ तयार होती, त्यांची पाचपैकी चार गेली. वेलिंग्टनची दोन. एका दिवसात सात. पहिल्याच्या नशिबाची किंमत पाचव्याला मोजावी लागते, हे हवाई युद्धातलं फार जुनं दुःख आहे.

त्या १०७ च्या मेलेल्यांत ब्रायन लाइटोलर नावाचा एक तरुण पायलट होता. टायटॅनिक बुडालं तेव्हा जिवंत राहिलेला सगळ्यात वरचा अधिकारी चार्ल्स लाइटोलर, त्याचा हा धाकटा मुलगा. बाप समुद्रातून वाचला, मुलगा युद्धाच्या दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेला. त्याच स्क्वाड्रनचे बूथ आणि स्लॅटरी हे दोघं जिवंत हाती लागले आणि युद्धाच्या पहिल्या ब्रिटिश कैद्यांत गणले गेले. साडेपाच वर्षं कैद! यातल्या कुणाचंही नाव डोरनएवढं पुढं आलं नाही.

रेवतीताई, एका गोष्टीत जपा. एक कोसळतं ब्लेनहाइम एम्डेन नावाच्या जर्मन क्रूझरवर आदळलं आणि त्यात खलाशी मेले. ११० चं जे विमान परत आलं नाही त्याच्या पायलटचं आडनावही एम्डेन. लोक या दोन्ही गोष्टी जोडून एकच कहाणी सांगतात. तुम्ही फलकावर जोडू नका, वेगवेगळ्या लिहा.

आता डोरनचं पुढं काय झालं. तो त्याच स्क्वाड्रनमध्ये राहिला, स्क्वाड्रन लीडर झाला. १९४० च्या जानेवारीत उत्तर समुद्रावर त्याच्या १२ ब्लेनहाइमच्या टोळीवर जर्मनांच्या मेसरश्मिट ११० जातीच्या लढाऊ विमानांनी झडप घातली, तेव्हाही त्यानं आपली टोळी बांधून ठेवली, आणि त्याला डीएफसी दुसऱ्यांदा मिळालं. मग नॉर्वे. ३० एप्रिल १९४० ला स्टाव्हांगरच्या फेरीत त्याचं विमान पडलं, तो जर्मनांच्या हाती लागला आणि उरलेलं युद्ध कैदेत गेलं. म्हणजे ज्याच्या नावानं युद्ध सुरू झालं म्हणावं त्याचं स्वतःचं लढणं आठ महिन्यांत संपलं. मॅकफर्सन त्याच्यापेक्षा थोडेच दिवस जास्त लढला. १२ मे १९४० ला हॉलंडमधल्या मास्ट्रिश्टकडं जर्मन फौजा अडवायला १३९ ची नऊ ब्लेनहाइम गेली, सात परत आली नाहीत, त्यात तो मेला. राजानं एकाच दिवशी ज्या दोघांच्या छातीला पदक लावलं त्यांची ही गत सहा महिन्यांत.

स्क्वाड्रन मात्र पुढं आपल्याकडंच आलं, हे फार कमी लोकांना माहीत आहे. १९४२ मध्ये ११० हैदराबाद भारतात पोचलं आणि त्याला व्हेंजन्स ही डाइव्ह बॉम्बर विमानं मिळाली. नाक सरळ खाली करून, जवळजवळ काटकोनात सूर मारणारं विमान. आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनकडंही तीच होती, आमच्यात जुने लोक त्याच्या गोष्टी सांगायचे. आधी ब्रह्मदेशातलं आराकान, मग आसामातल्या कुंभीरग्रामहून इंफाळच्या बाजूला. नंतर ते लाकडी बांधणीच्या मॉस्किटो विमानांवर गेलं. जपाननं हार मानल्यावरही ब्रह्मदेशात सितांग नदीपलीकडं काही तुकड्या लढत होत्या, त्यांच्यावर २० ऑगस्ट १९४५ ला याच स्क्वाड्रननं बॉम्ब टाकले, आणि आरएएफचे या युद्धातले शेवटचे बॉम्ब म्हणून तेच धरले जातात. विल्हेल्म्सहाफेनपासून सितांगपर्यंत, दोन्ही टोकांना हैदराबाद.

म्हणून दादा, मला वाटतं फलक असावा. निजामाचं कौतुक म्हणून नाही. आपल्या रयतेच्या पैशानं लांब कुठं तरी तीन माणसं एका विमानात बसून मरायला गेली, तर ती कोण होती हे आपल्या पोरांना कळायला पाहिजे. रझाकाराशी लढलेल्यांचा फलक त्याच्या शेजारीच लावा, आकारानं मोठा लावा, माझी काही हरकत नाही.

---

लातूर_७७

आकारानं मोठा लावायचं कबूल असेल तर माझं म्हणणं संपलं. लाइटोलरचं माहीत नव्हतं. आमच्या इथल्या वाचनालयात मुक्तिसंग्रामाच्या जुन्या फोटोंचा संच आहे, पाहिजे असल्यास प्रती काढून पाठवतो.

---

रेवती_परतूर

काका, मास्तर, दादा, तिघांचे मनापासून आभार. स्टाफरूममध्ये आज सगळं वाचून दाखवलं. ते सर म्हणाले, बॉम्बचा भाग मी विज्ञानाच्या तासाला घेतो, डेकवरून सरकणारा बॉम्ब आणि कोन मुलांना काढून दाखवतो.

फलक असा करतेय. मध्यभागी हेंडनच्या डीएच९एचं चित्र. डावीकडे १९३८ चा वंदे मातरम् संप, उजवीकडे ४ सप्टेंबर १९३९. खाली डोरन आणि मॅकफर्सन यांची पदकं एका ओळीत, आणि त्याहून मोठ्या अक्षरात 'त्या दिवशी सात विमानं परत आली नाहीत' असं. लाइटोलर, बूथ, स्लॅटरी यांची नावं तिथंच. एम्डेनच्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चौकटीत. बॉम्ब चढवणाऱ्या फिटर लोकांसाठीही एक चौकट ठेवलीय. काका, तुमच्या पोस्टमधला ट्रॉली, विंच आणि हुकाच्या खटक्याचा मजकूर तिथं तुमच्या शब्दांत घेऊ का? मुलं विचारतात की फ्यूझची तार दिसायला कशी असते. तुमच्याकडून साधं चित्र काढून मिळालं तर फार बरं होईल.

---

उदगीरचा_फिटर

खुशाल घ्या. चित्र रविवारी काढून फोटो टाकतो. तार, पंखी आणि पिन तिन्ही वेगळ्या रंगात दाखवतो, म्हणजे आठवीच्या मुलांना काय आधी सुटतं आणि काय नंतर ते कळेल. त्या सरांना सांगा, कोन काढताना विमानाचा वेगही धरा, नुसती उंची धरली तर बॉम्ब सरळ खाली पडल्यासारखा दिसेल.